पासफ्रेज बरोबर, तरी डिस्क उघडेना

चिपळूणमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर आम्ही सांभाळतो. मूळ सेटअप आमचं नाही, आधीच्या कुणीतरी करून दिलेलं, डेबियन हे लिनक्स टाकलेलं आणि अख्खी डिस्क लक्सने, म्हणजे लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करायच्या पद्धतीने, एन्क्रिप्ट केलेली. म्हणजे मशीन चालू केलं की आधी काळ्या स्क्रीनवर पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, मागणार, ती बरोबर दिली तरच डिस्क उघडणार आणि पुढचं लिनक्स वर येणार. लॅबच्या डॉक्टर मॅडमचाच तो आग्रह होता. तिथं एचआयव्हीच्या टेस्ट होतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात अशी माहिती ठेवणाऱ्यांवर ती सुरक्षित ठेवायची जबाबदारी टाकलेली आहे. शिवाय सर्व्हर सर्व्हर म्हणतो आपण, पण तो म्हणजे रिसेप्शनच्या टेबलाखाली ठेवलेला टॉवर, उद्या कुणी उचलून नेला तर आतले रिपोर्ट कुणाच्या हाती लागू नयेत ही मॅडमची भूमिका मला पहिल्यापासून पटलेली आहे.

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टर आणि यूपीएस दोन्ही पहाटे संपले. सकाळी लाईट आली, मशीन आपोआप चालू झालं आणि पासफ्रेजवर येऊन थांबलं, इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. सातच्या आधीच टेक्निशियन ताईंचा फोन, दादा, मशीन पासवर्ड घेत नाहीये.

पहिले प्रश्न ठरलेले असतात. कॅप्स लॉक बघा, आकडे उजवीकडच्या कीपॅडवरून टाकताय का, टाकत असाल तर नम लॉक बघा. सगळं बघून झालं. स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचायला सांगितलं तर 'नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज', आणि तीनदा चुकलं की 'मॅक्झिमम नंबर ऑफ ट्राइज एक्सीडेड'. मग मॅडम स्वतः आल्या, त्यांनी टाकली, नाही. तिजोरीतलं पाकीट फोडून कागदावर बघून एकेक अक्षर टाकलं, तरी नाही.

बाहेर उपाशीपोटी शुगरला आलेली माणसं बसलेली, त्यात म्हातारी माणसं जास्त, त्यांना परत पाठवणं शक्यच नव्हतं. सॅम्पल घेणं चालूच होतं, ॲनालायझर स्वतःचे आकडे दाखवतो, ते ताई रजिस्टरमध्ये हाताने लिहून घेत होत्या. पण जुने रिपोर्ट, बिलं, डॉक्टरांना पाठवायचे निकाल सगळं त्या एका डिस्कमध्ये. मॅडमनी मला विचारलं, आणखी चुकीचं टाकलं तर ते कायमचं लॉक होईल का हो? नाही होत. एटीएमसारखं तीन वेळा चुकलं की कार्ड बंद असला प्रकार लक्समध्ये नाही, हजारदा चुका, डिस्क तशीच राहते. फक्त प्रत्येक वेळी साधारण दोन सेकंद घेते, कारण नव्या लक्समध्ये पासफ्रेजवरून किल्ली काढायचं काम आर्गॉन२ नावाची पद्धत मुद्दाम जड करून करते, चोराने मशीनकडून भराभर अंदाज मारून बघू नयेत म्हणून.

मला काळजी दुसरीच होती. लाईट जाता-येता डिस्कच्या सुरुवातीचा हेडर, म्हणजे कुलुपाची माहिती असलेला भाग, खराब झाला असेल तर? लक्समध्ये खरी किल्ली वेगळीच असते, ती तुमच्या पासफ्रेजने कुलूपबंद करून हेडरमधल्या एका स्लॉटमध्ये ठेवलेली असते. लक्स२ मध्ये असे ३२ स्लॉट ठेवता येतात, जुन्या लक्स१ मध्ये ८ असायचे. तो स्लॉटच बिघडला तर पासफ्रेज कितीही बरोबर असो, डेटा गेला. बॅकअपची दुसरी डिस्क होती, पण तीही एन्क्रिप्टेड, आणि ती उघडायची की-फाईल, म्हणजे पासफ्रेजऐवजी चालणारी फाईल, पहिल्या डिस्कच्या आत ठेवलेली. म्हणजे पहिली बंद तर दुसरीही बंद! असं सेटअप बऱ्याच ठिकाणी असतं कारण ते सोयीचं आहे, पासफ्रेज एकदाच टाकायची आणि बाकीच्या डिस्क आपोआप उघडतात, आणि त्यात चूक काही नाही, फक्त दुसऱ्या डिस्कला स्वतःची अशी एक पासफ्रेज पण लागते, ती इथं दिलेलीच नव्हती.

फोनवर एवढंच सांगितलं की कुणालाही मशीन उघडू देऊ नका, फॉरमॅट हा शब्द कुणी काढला तर त्याला बाहेर बसवा, आणि कराडहून निघालो. कुंभार्ली घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाईट दिसत नव्हते, वेळ लागला.

पोचल्यावर पहिलं काम पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून आधी हेडरची कॉपी बाहेर काढून घेतली, क्रिप्टसेटअप या लक्सच्या टूलमध्ये त्यासाठी वेगळी कमांडच आहे. काहीही प्रयोग करायच्या आधी हे करायचंच. मग हेडर वाचून बघितला. व्यवस्थित. यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, जागेवर, लक्स२, स्लॉट एकच भरलेला. जीव थोडा खाली आला, पण तिथंच पासफ्रेज टाकून बघितली तर तेच उत्तर, ही किल्ली लागत नाही. टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत म्हणून एका रिकाम्या फाईलमध्ये आधी दिसेल अशी लिहिली, कागदाशी ताडून बघितली, मॅडमनी पण बघितली. तंतोतंत तीच. मधे @ होता, तोही बरोबर जागी.

आता सगळं बरोबर आहे आणि तरी उघडत नाही म्हटल्यावर अशा वेळी मी एकच प्रश्न धरून बसतो, शेवटचं हे चाललं होतं तेव्हापासून काय बदललं? मॅडम म्हणाल्या, फेब्रुवारीत मशीन बंद करून साफ केलं होतं, तेव्हा हीच पासफ्रेज टाकली होती, मीच टाकली होती. त्यानंतर मशीन बंदच झालेलं नाही. पण मधल्या काळात अपडेट आपोआप होत होते, म्हणजे नवा कर्नल, लिनक्सचा गाभा, आला असणार, आणि नव्या कर्नलने चालू व्हायची ही पहिलीच वेळ.

मग पेन ड्राइव्ह काढून मशीन परत चालू केलं, ग्रबच्या, म्हणजे बूट होताना येणाऱ्या, मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना कर्नल निवडला आणि मॅडमना म्हटलं, तुम्हीच टाका, नेहमी टाकता तशीच.

पहिल्या फटक्यात उघडली.

लॅबमध्ये सगळ्यांनी सुस्कारा सोडला, ताईंनी लगेच सकाळच्या एंट्र्या करायला घेतल्या. मला मात्र बसवेना. डिस्क तीच, हेडर तोच, बोटं तीच, बटणं तीच, फक्त कर्नल वेगळा, आणि पासफ्रेज विचारायचं काम कर्नल करत नाही. फरक असणार तो इनिट्रॅमएफएसमध्ये. डिस्क बंद असताना पासफ्रेज विचारायला सुद्धा एक छोटं लिनक्स लागतं, ते एन्क्रिप्ट न केलेल्या बूट पार्टिशनमध्ये असतं, आणि प्रत्येक कर्नलचं वेगळं असतं. नवा कर्नल आला की नवं इनिट्रॅमएफएस बनतं, त्या दिवशी सिस्टीममध्ये जी सेटिंग असतील ती उचलून. जुन्या कर्नलचं मात्र जसं होतं तसंच पडून राहतं.

दोन्ही उलगडून शेजारी ठेवली. जुन्यात कीबोर्डचा लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, यूकेचा, नव्यात यूएसचा.

हे बघितल्यावर सगळा उलगडा झाला. आपल्याकडे इंग्लिश म्हणजे ब्रिटिश असं समजून इन्स्टॉल करताना लोक यूके कीबोर्ड निवडतात, पण दुकानात मिळणारे आपले कीबोर्ड अमेरिकन लेआउटचे. यूके लेआउटमध्ये शिफ्ट आणि २ दाबलं की @ येत नाही, " येतं, आणि @ असतं एंटरच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या बटणावर. सर्व्हर बसवला त्या दिवशी मॅडमनी पासफ्रेज ठरवताना शिफ्ट-२ दाबलं, स्क्रीनवर काही दिसत नाही, त्यांच्या मते @ गेला, डिस्कच्या मते " गेलं. त्यानंतर इतकी वर्षं दर वेळी तेच बटण, तोच लेआउट, तेच ", आणि डिस्क उघडत राहिली. कागदावर @ लिहिलेला. ताई म्हणाल्या, हो की, आधी ईमेल लिहिताना @ दाबलं की अवतरणचिन्ह यायचं, मग उन्हाळ्यात बिलिंगवाल्यांचा मुलगा आला होता त्याने ते नीट करून दिलं. त्या मुलाने काहीच वावगं केलं नव्हतं, कीबोर्डच्या फाईलमध्ये यूके काढून यूएस लिहिलं, जे मुळातच तसं असायला हवं होतं. पुढे कर्नल अपडेट झाला तेव्हा नव्या इनिट्रॅमएफएसमध्ये यूएस गेलं, आणि जुलैतल्या त्या पहाटेपर्यंत कुणाला कळायचं कारणच नव्हतं. माझ्या पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये पण यूएसच, म्हणून तिथंही लागली नाही. खात्री म्हणून पासफ्रेज फक्त तपासून बघायचा पर्याय वापरला, @ च्या जागी " टाकलं, लागली.

मला हे फार लागलं, खरं सांगतो. कारण ही लॅब नसती, एखाद्या घरातला लॅपटॉप असता, जुना कर्नल साफ झालेला असता, तर माणसाने स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत डिस्क पुसून टाकली असती. आतले फोटो, कागद, सगळं गेलं असतं आणि पासफ्रेज मात्र शेवटपर्यंत पाठ होती.

मग संध्याकाळपर्यंत तिथंच बसून नीट केलं. दुसऱ्या स्लॉटमध्ये नवी पासफ्रेज, साधे इंग्रजी छोटे शब्द आणि मधे आकडे, एकही चिन्ह नाही, लांबी भरपूर. लांबीने ताकद येते, चिन्हांचा हट्ट बूटच्या पासफ्रेजला धरू नये असं माझं ठाम मत आहे. बॅकअप डिस्कला स्वतःची वेगळी पासफ्रेज दिली. नवी नीट चालते हे मशीन बंद-चालू करून बघितलं, मगच जुना स्लॉट काढला. हेडरची नवी कॉपी घेतली आणि सकाळची नष्ट केली, कारण जुन्या हेडरच्या कॉपीमध्ये जुनी पासफ्रेज अजून जिवंत असते, स्लॉट काढला तरी त्या कॉपीवरून डिस्क उघडता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

मॅडमनी विचारलं, मोबाईलसारखं आपोआप नाही का उघडत? उघडतं. मशीनमध्ये टीपीएम ही किल्ल्या सांभाळणारी चिप असेल तर लिनक्समधल्या सिस्टमडी या सॉफ्टवेअरच्या २४८ व्हर्जनपासून, म्हणजे २०२१ पासून, किल्ली तिला बांधून ठेवता येते, बूटमध्ये कुणी ढवळाढवळ केली नाही असं दिसलं की चिप किल्ली सोडते. पण चोर नुसती डिस्क नेणार नाही, अख्खा टॉवर नेणार, आणि तो टॉवर त्याच्या घरी पण आपोआप डिस्क उघडून लॉगिनपर्यंत जाणार. लॉगिनचा पासवर्ड मधे आहे हे खरं, पण मॅडमना हवी होती ती राखण तेवढ्याने होत नाही. दुसरा रस्ता टँग आणि क्लेव्हिसचा, त्यात नेटवर्कवर दुसरं एक मशीन असतं, ते पोचण्यात असेल तरच डिस्क उघडते, आणि गंमत म्हणजे त्या मशीनकडे किल्ली साठवलेली नसतेच, दोघं मिळून गणिताने ती परत तयार करतात. जिथं रात्री कुणीच नसतं आणि मशीन वर यायलाच हवं तिथं मी हेच सुचवतो. पण दुसरं मशीन त्याच लॅबच्या कपाटात ठेवलं तर चोर दोन्ही नेईल, ते दुसऱ्या जागी ठेवायला हवं, आणि पावसात तिथलं नेट टिकेल याची कुणी हमी देईना.

शेवटी ड्रॉपबेअर बसवलं. हा एक छोटा एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करू देणारा, सर्व्हर आहे, तो इनिट्रॅमएफएसमध्येच जाऊन बसतो, म्हणजे डिस्क बंद असतानाही लांबून आत जाऊन पासफ्रेज देता येते. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त आमच्या ठरलेल्या किल्ल्यांनी, आणि आत गेल्यावर डिस्क उघडायची एकच कमांड चालेल असं बांधून टाकलं. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये गेलाय का ते बघितलं, आयपी ठरवून दिला, आणि त्याची होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली, मुख्य सिस्टीमपेक्षा वेगळी ठेवली कारण ती उघड्या बूट पार्टिशनमध्ये असते, कुणीही वाचू शकतं. बाहेरून थेट काही उघडं नाही, राऊटरच्या व्हीपीएनमधूनच यायचं. राऊटरला वेगळा छोटा यूपीएस घेतला, नाहीतर मशीन आलं आणि नेट नाही अशी गत.

ऑगस्टमध्ये परत रात्री लाईट गेली. पहाटे मशीन आलं, मी कराडहून पासफ्रेज दिली, ताई आल्या तेव्हा सॉफ्टवेअर चालू होतं. बाकीच्या क्लायंटकडे आता कर्नल अपडेट झाला की आठवडाभरात दिवसाढवळ्या, कुणीतरी समोर असताना एकदा मशीन बंद-चालू करतोच, आणि कीबोर्डची फाईल उघडून बघतो. यूके अजून सापडतं.