घडीत गेलेले अक्षर

सिन्नर तालुक्यातील पंचाऐंशी वर्षांच्या एक आजी नातवाला घेऊन नाशिकच्या माझ्या जुने कागद दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेत आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत मार्च १९४१ चे एक पत्र होते. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियातील केरेन शहरासाठी इटालियन सैन्याशी झालेल्या लढाईत ते पडले, तेव्हा आजी पाळण्यात होत्या. पत्रातील दोन ओळींवर सेन्सॉरने काळी शाई फासली होती. तिच्याखाली ‘केरेन’ हेच नाव असणार, असे घरात सगळे धरून चालले होते.

सोबतचे मृत्यूची खबर देणारे सरकारी पत्र मात्र लॅमिनेट केलेले होते. वितळलेले प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरते आणि सोडवताना अक्षरे बरोबर घेऊन येते. लॅमिनेट करण्याचा सल्ला एका कार्यालयातूनच मिळाला होता. ज्यांच्याकडे कागद जपण्याचे काम, त्यांनीच असे सांगावे, याचा संताप अजून जात नाही.

वडिलांचे पत्र कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले होते. या पेन्सिलीत ग्रॅफाइटबरोबर जांभळा अॅनिलिन रंग असतो, त्यामुळे पाण्याचा थेंब पडला की करडे अक्षर जांभळे होऊन फुटते. समासात ओल्या अंगठ्याचा तसाच एक जांभळा ठसा उमटलेला होता. पाण्यात कालवलेली गव्हाची खळ वापरणे शक्यच नव्हते, म्हणून फाटलेल्या घड्यांना कोमट पात्याने चिकटणारा जपानी टिश्यू मी पाण्याविना बसवला. त्याला दोन दिवस लागले.

मग पत्र इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली ठेवले. सेन्सॉरची शाई काजळीची असती, तर काहीच हाती लागले नसते. ती काजळीविना, नुसत्या रंगाची निघाली, त्यामुळे पडद्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली आणि खालचे ग्रॅफाइट काळेभोर दिसू लागले. शहराचे नाव तेथे नव्हतेच. पाणी खालून माणसे पाठीवर वाहून आणतात आणि दिवसाला एक बाटली ‘मिळ...’, एवढा मजकूर होता.

केरेनची लढाई फेब्रुवारीच्या आरंभापासून २७ मार्चपर्यंत चालली. शहराकडे जाणारा रस्ता डोंगोलास खिंडीतून होता. इटालियन सैन्याने तो दरड पाडून बंद केला होता आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या डोंगरांवरून त्याचा मारा चालू होता. १५ मार्चच्या रात्री मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनने पिनॅकल हे शिखर घेतले. पण घेतलेल्या शिखरावर टिकायचे, तर दारूगोळा आणि पाणी तोफांच्या माऱ्यात माणसांनीच वर चढवावे लागे. शत्रूला शहराचे नाव ठाऊकच होते. वर पाणी किती पोचते, हे त्याला कळता कामा नये. सेन्सॉरने खोडायचे तेच खोडले होते, असे मला वाटते.

आजी पडद्याला नाक लागेल इतक्या वाकल्या.

“मिळते, असंच आहे ना गं पोरी?”

“पुढचं घडीत गेलंय, आजी.”

“मिळतेच असणार. नाहीतर आईला कशाला कळवलं असतं?”

मी काही बोलले नाही. अहवालात मात्र ‘अक्षर नष्ट’ असेच लिहिले. ते छायाचित्र मी अजून उघडून पाहते. ‘त’चा दांडा तेवढा शिल्लक आहे, वरची मात्रेची जागा आणि पुढचा बोटभर कागद झिजून गेला आहे, आणि त्या बोटभर जागेत ‘नाही’ सहज मावते.