साडेपाच ड्रम आणि चार बोटं

"दोन लावा, सहाशे-सहाशेची. एकूण १२०० हॉर्सपॉवर. पैशाचं मी बघतो."

फेब्रुवारीत तुर्भ्याच्या आमच्या बोटींना इंजिनं बसवायच्या शेडमध्ये आलेले एक साहेब खुर्चीवर टेकायच्या आधीच हे बोलून मोकळे झाले. राहायला ठाण्याला, घोडबंदर रोडला. बोट ३९ फुटी, परदेशातून सेकंडहँड आणलेली. खोल व्ही आकाराचा तळ, लांब निमुळती नाळ, म्हणजे पुढचं टोक. आत ८.२ लिटरची दोन व्ही-८ पेट्रोल इंजिनं होती, प्रत्येकी ४३० हॉर्सपॉवरची. खाऱ्या पाण्याने त्यांचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारे भाग, आतून खाल्ले होते आणि एका इंजिनाच्या सिलिंडरपर्यंत पाणी पोचलं होतं. दोन्ही काढून शेडच्या कोपऱ्यात ठेवली होती. दुरुस्तीत पैसे घालण्यासारखी ती राहिली नव्हती, याबद्दल आमच्यात वाद नव्हता.

साहेबांच्या मनात भरलं होतं ते मर्क्युरी कंपनीचं व्ही-१२ आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन. मलाही ते मनापासून आवडतं. २०२१ साली आलेलं, ७.६ लिटरचं, ६०० हॉर्सपॉवरचं. वळताना इंजिनाचं डोकं जागचं हलत नाही, फक्त पाण्यातला गिअरकेस वळतो. एकाच शाफ्टच्या रेषेत उलटसुलट फिरणारे दोन पंखे आणि वर दोन गतींचा गिअर. हे ज्याने जुळवून आणलं त्याला हात जोडावेत. पण एकाचं वजन ५७२ किलो. दोन म्हणजे साडेअकराशेच्या घरात, आणि ते सगळं बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला.

मी कागदावर गणित मांडून दाखवलं. बोटवाल्यांमध्ये क्राउचचं म्हणून एक जुनं सूत्र चालतं. त्याचं सार असं, की वेग ताकदीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. लोकांसह आणि इंधनासह ही बोट सव्वासहा टनांची धरली तर १२०० हॉर्सपॉवरवर ४८-४९ नॉट, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, निघतात. ७४० वर निघतात साधारण ३८. ताकद दीडपटीहून जास्त, वेग जेमतेम सव्वापट. २० सागरी मैल जायचं तर फरक पडतो सात मिनिटांचा. पूर्ण वेगात ती दोन व्ही-१२ तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास पेट्रोल पितील, ७४० हॉर्सपॉवरची डिझेल दीडशेच्या आसपास.

साहेबांनी कागद नीट वाचला आणि घडी घालून परत दिला. "गणित ठीक आहे. पण बोट पाण्यात कशी वागते ते कागदाला काय कळतं?"

त्यांचं म्हणणं मला पटलं. म्हणून म्हटलं, पाण्यातच बघू.

चार दिवसांनी, भांगाच्या भरतीला, आम्ही इंजिनं काढलेली ती बोट बेलापूरच्या जेट्टीला बांधली. दोरखंड सांभाळायला दिवाळे गावातले एक म्हातारे नाखवा होते. आमच्या मोठ्या कामांना मी त्यांना नेहमी बोलावतो, कारण पाण्याकडे बघून त्यांना जे कळतं ते मला मीटर लावूनही कळत नाही. बोटीच्या अंगावर जुन्या पाणरेषेचा पिवळट डाग होता. त्यावर मी खडूने रेघ मारली. त्या रेघेच्या तीन बोटं वर, पिछाडीला, डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची दोन भोकं होती.

आधी एक छोटं काम उरकलं. टाकीच्या तळातून हातपंपाने थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली कठड्यावर ठेवली. दहा मिनिटांत तिच्यात दोन थर स्पष्ट दिसायला लागले. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली दोन बोटं उंचीचा गढूळ थर. आपल्याकडे आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीच्या झाकणाचा रबर फाटला होता, पावसाळाभर आत पाणी झिरपत होतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. आउटबोर्डच्या मोठ्या कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहून देतात. साहेबांनी बाटली उचलून उन्हात धरली, हलवली, पुन्हा ठेवली. थोड्या वेळाने परत दोन थर. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर तीन-चार वेळा त्यांची नजर त्या बाटलीकडे गेली.

मग ड्रम. पिछाडीचा आडवा फळा बोटीच्या अंगाच्याच साच्यातून आलेला, भक्कम होता. त्यावर दोनशे लिटरचे सहा निळे प्लास्टिकचे ड्रम उभे करून दोराने आवळले आणि पंपाने खाडीचं पाणी भरायला सुरुवात केली. पाच पूर्ण आणि सहावा अर्धा, म्हणजे दोन व्ही-१२ चं वजन. साहेब, त्यांचा मुलगा आणि आमची दोन पोरं मागच्या डेकवर उभी. बोटीवर माणसं असतात तेव्हा ती बसतातही तिथेच.

तिसऱ्या ड्रमपर्यंत फारसं काही जाणवलं नाही. चौथा भरला तशी नाळ वर उचलली गेली. खडूची रेघ पाण्याखाली गेली. पाचवा अर्ध्यावर असताना जेट्टीवरून नाखवा ओरडले, "पानी आला, पानी आला!"

डेकवरून पाणी बाहेर टाकण्यासाठी जी भोकं होती, त्यांतूनच खाडीचं पाणी आत येत होतं. जोर काहीच नव्हता. करड्या रंगाची पातळ चादर डेकवर पसरत आली आणि साहेबांच्या पांढऱ्या बुटांभोवती थांबली. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. खाली बघत उभे राहिले.

मी पंप बंद करायला लावला नाही. साडेपाच पूर्ण झाल्यावर मोजलं, तर पाणी खडूच्या रेघेच्या चार बोटं वर. आणि टाकी तर जवळपास रिकामीच होती.

"मागे पॉड वाढवला तर?" साहेबांनी विचारलं. पॉड म्हणजे इंजिनं टांगायला बोटीचंच अंग मागे वाढवणं. वाढवता येतो. पण मग पिछाडीचं फायबर नव्याने ओतायचं, ट्रान्सम, म्हणजे इंजिनं पेलणारी मागची भिंत, नव्याने बांधायचा, आणि इतकं करून इंधनाचा प्रश्न जिथल्या तिथेच. साडेचारशे हॉर्सपॉवरची रेसिंग आउटबोर्ड एकेक ३१३ किलोची, वजनात ती सहज बसली असती. साहेबांनी त्यांचीही चौकशी केली. मी कठड्यावरच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

ड्रम रिकामे केले, दोन मीटर पुढे, इंजिनांच्या रिकाम्या खोलीत उतरवले, आणि पुन्हा भरले. यानमारचं ४.५ लिटरचं व्ही-८ डिझेल, ३७० हॉर्सपॉवरचं, पंख्यापर्यंत ताकद नेणारा ड्राइव्ह धरून साडेपाचशे किलोच्या आसपास भरतं. अशा दोन इंजिनांच्या वजनाला पाच ड्रम पुरले, त्यावर थोडं पाणी. जवळपास तेवढंच वजन, फक्त दोन मीटर पुढे. या वेळी पाणी खडूच्या रेघेच्या एक बोट खालीच थांबलं. डेक कोरडा.

साहेब बराच वेळ जेट्टीच्या पायरीवर बसून होते. १२०० मागायला आलेल्या माणसाला मी ७४० सांगत होतो, त्यांच्या जुन्या ८६० पेक्षाही कमी. त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता आणि मला त्याचं वाईट वाटत होतं, कारण वेगाचं वेड काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. पण दुपारचा पश्चिमेचा वारा सुटल्यावर, घरच्या माणसांसह मांडव्याहून परत येताना वेग कमी केला की मागची लाट पिछाडीवर चढते. तेव्हा ती भोकं पाण्याखाली असलेली बोट मी माझ्या हाताने कुणालाही देणार नव्हतो. तसं मी त्यांना सरळ सांगितलं. "दुसरीकडून लावून घेतलीत तर मी अडवू शकत नाही, पण मी लावणार नाही."

त्यांनी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "डिझेलचं कोटेशन काढा."

इंजिनं यायला पावसाळा उलटला. नोव्हेंबरात ट्रायल घेतली, टाकी काठोकाठ, बोटीवर सहा माणसं. पहिल्या पंख्यांवर इंजिनं कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या दीडशे खालीच अडकली. हे भाराचं लक्षण. असंच चालवलं तर डिझेल काळा धूर टाकत स्वतःलाच जाळत जातं. एक नंबर कमी पिचचे, म्हणजे एका फेऱ्यात थोडं कमी अंतर कापणारे, पंखे लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आरपीएम पूर्ण मिळाले, जीपीएसवर ३७.६ नॉट. साहेबांनी थ्रॉटल स्वतःच्या हातात घेतलं आणि घारापुरी मागे पडेपर्यंत सोडलं नाही.

जेट्टीला लागल्यावर नाखवा आधी पिछाडीकडे गेले. वाकून त्यांनी भोक आणि पाणी यांच्यामध्ये आपली बोटं आडवी धरली, आणि तो पंजा तसाच वर करून साहेबांना दाखवला. तीन.