५१ दिवस

"आई, पाळी येऊन ५१ दिवस झाले गं. मला काही झालंय का?" परवा रात्री दिवा घालवल्यावर लेकीने अंधारातच विचारलं. १४ वर्षांची आहे. महिनाभर दप्तरात पॅड घेऊन फिरत होती, डाग पडेल या धास्तीने पीटीला बसून राहत होती, आणि मला पत्ताच नाही. फार लागलं मनाला. (तिला विचारूनच लिहितेय.)

आज टिळक रोडवर डॉक्टर बाईंकडे गेलो. त्या माझ्याशी नाही, आधी तिच्याशी बोलल्या. कागदावर मेंदू आणि बीजकोश काढून दाखवले. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं मेंदूकडून बीजकोशांना जाणारे निरोप अजून बसलेले नसतात. दर महिन्याला बीज तयार होतंच असं नाही, म्हणून तारखा पुढेमागे होतात. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं, एखादवेळी लांबतंही. पण ९० दिवस पाळीच आली नाही, रक्तस्राव ७ दिवसांहून जास्त चालला, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, तर वाट बघायची नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगितलंय. गोळ्या नाहीत.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला कावळा शिवला की कोपऱ्यात बसवायचे. विचारणार कोणाला?" आणि नातीला जवळ घेऊन बसल्या.

येताना तिने छोटी वही घेतली, तारखा लिहायला. पहिलं पान मला दाखवलं.