केळदचा ओला ट्रेल: या मोसमातली नोंद

या पावसाळ्यात एकाच गोष्टीचा सराव चाललाय: ओल्या जमिनीवर मोटारसायकल हळू आणि ताब्यात चालवणं. उन्हाळ्यात मुरमाच्या चढावर जोर लावून वर जाता येतं. जुलैत मावळात तसं करायला गेलं की मागचं चाक नुसतं गरगरतं आणि गाडी आडवी होते. त्यामुळे या शनिवार-रविवारची पुणे जिल्ह्यातली वेल्हे-केळद-भोर फेरी मी किलोमीटरसाठी केलीच नाही. समोरची जमीन कशी आहे, ती किती पकड देईल, हे चाक तिथं पोचायच्या आधी डोळ्यांनी ओळखायचं, एवढंच ध्येय होतं.

गाडी तीच, हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. पुढे २१ इंची, मागे १८ इंची तारांचं चाक, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. ताकद १९ पीएसच्या आसपास. महामार्गावर ही ताकद थोडी वाटते, पण चिखलात मला ती हवीहवीशी वाटते. चुकून रेस जास्त दिली गेली तरी मागचं चाक एकदम सुटत नाही, सावरायला क्षणभर वेळ मिळतो. सोबत दोघं मित्र. एकाची गाडी माझ्याच वजनाची, दुसऱ्याची चाळीसेक किलोने जड.

शनिवारी सहाच्या आत खडकवासला ओलांडला. नऊनंतर तिथं गाड्यांची जी रांग लागते तिच्यात ओल्या कपड्यांत उभं राहण्यासारखा त्रास नाही. खानापूर, रांजणे करत पाबे घाटाला लागलो. उघडीप असली की माथ्यावरून राजगड आणि तोरणा दोन्ही दिसतात. आम्हाला समोरची साइडपट्टी दिसत होती तेवढंच. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून मी निघायच्या आधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसून घेतो. या धुक्यातही दुपारपर्यंत काच स्वच्छ राहिली. उपाय फुकटचा आहे आणि चालतो.

आता मुद्द्याचं. पावसात ट्रेलला, म्हणजे कच्च्या वाटेने, जायचं म्हटलं की नवखी माणसं चिखलाला घाबरतात. माझ्या मते जास्त भीती बाळगायची ती गावातल्या सिमेंटच्या रस्त्याची. झाडाखालच्या सावलीत, घराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे, आणि उतारावरून सतत पाणी झिरपतं त्या पट्ट्यात काळसर हिरवं शेवाळ धरतं. चिखल दिसतो, म्हणून आपण सावध असतो. शेवाळ लांबून नुसत्या ओल्या काँक्रीटसारखंच दिसतं, आणि त्यावर पुढचा ब्रेक लावला की चाक साबणावर पडल्यासारखं निघून जातं. ओळखायची खूण म्हणजे चमक. ओलं काँक्रीट करडं आणि खरखरीत दिसतं. शेवाळाला तेलकट झाक असते, बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेला आणि दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्टीत. गाड्यांची चाकं जिथून जातात तो भाग घासून साफ झालेला असतो. म्हणून वस्तीत शिरलं की चाकोरी धरायची, क्लच न दाबता दुसऱ्या गिअरवर गाडी सोडायची आणि ब्रेकला हात लावायचा नाही. पाबे ते वेल्हे या टप्प्यात मी हेच करत गेलो. गाडी एकदाही हलली नाही.

वेल्ह्यात मिसळ-पाव झाला आणि टायरमधली हवा उतरवली. पुढे २०, मागे १८ पीएसआय. ट्यूबचे टायर असले की याच्या खाली जायला मी तयार नसतो. दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: हवा कमी असली की टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि शेवटी व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. रिम लॉक (टायर रिमवर सरकू न देणारी पकड) नसेल तर व्हॉल्व्हचा नट रिमला आवळून ठेवायचा नाही. तो वर, टोपणाजवळ चढवून ठेवायचा. टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह तिरका होतो आणि ते नजरेला दिसतं. रविवारी दुपारी माझा मागचा व्हॉल्व्ह बोटभर कलला होता. हवा सोडून टायर मागे फिरवून घेतला, दहा मिनिटांचं काम. नट आवळलेला असता तर खेड्यात ट्यूब शोधत फिरावं लागलं असतं.

वेल्ह्यापासून केळदकडे जाताना डांबरी सोडून वस्त्यांना जोडणारी बैलगाडीची वाट घेतली. भाताची लावणी ऐन भरात होती. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर चिखलणी करून खाचरातून बाहेर निघतात ते चाकाला गच्च गाळ घेऊन, आणि तो पुढे शंभरेक फूट वाटेवर पसरतो. वाटेतला सगळ्यात अवघड तुकडा हाच. भाताच्या खाचरातली माती बारीक दळलेली असते, ती टायरच्या नक्षीत भरली की खाली नुसता गुळगुळीत गोळा उरतो. तांबडा मुरूम त्या मानाने प्रेमळ. त्यातून पाणी निचरतं, वर वाहतं पाणी असलं तरी खाली खडे असतात आणि टायरच्या नक्षीतल्या बटणांना धरायला काहीतरी मिळतं. रंग बघून निर्णय घ्यायचा: तांबडं आणि खडबडीत असेल तर बिनधास्त, करडं आणि सपाट असेल तर गती आधीच उतरवायची.

जड गाडीचं खालचं मडगार्ड या गाळाने गच्च भरलं, पुढचं चाक फिरेना. काडीने कोरून काढायला पाऊण तास गेला. माझं मडगार्ड उंचावर असल्याने तो प्रश्न आला नाही.

पुढे ओढा आडवा आला. पाणी गढूळ, तळ दिसत नव्हता. शेजारच्या खाचरात एक काका आणि इरलं पांघरलेल्या मावशी रोपं लावत होत्या. काकांनी आम्हाला बघूनच हात हलवला. "दादा, हितनं नका घालू. परवा टॅक्टर फसला व्हता. वरच्या अंगानं जावा, तिथं कातळ हाय." मी म्हटलं, "काका, बांधावरून जावं लागंल का?" तर म्हणाले, "नाय नाय, बांधाच्या कडंनं वाट हाय, आमची गुरं जात्यात." बांधावर गाडी घालायची नाही हा आमचा पक्का नियम. पावसाआधी लिंपून घेतलेला बांध चाकाने फुटला तर खाचरातलं पाणी निघून जातं आणि एका कुटुंबाची आठवड्याची मेहनत वाया जाते. ट्रेल म्हणून आपण ज्या वाटा वापरतो त्या कोणाच्या तरी शेताच्या वाटा आहेत. थांबून विचारल्याशिवाय त्यावर जाऊ नये.

काकांनी सांगितलेल्या जागी आधी पायी उतरलो, हातात काठी. पाणी गुडघ्याच्या खाली, ओढ कमी, तळाला सलग कातळ. माझं गणित साधं आहे: २१ इंची चाकाचा ॲक्सल, म्हणजे मधला दांडा, जमिनीपासून फूटभर वर असतो. ॲक्सलपर्यंत पाणी असेल तर जायचं. त्याच्या वर आणि ओढही असेल तर परत फिरायचं, मग पलीकडे कितीही चांगला ट्रेल असो. पहिला गिअर, उभं राहून, गुडघ्यांनी टाकी दाबून, रेस एकसारखी. नजर पलीकडच्या काठावर, पाण्यावर नाही, कारण वाहत्या पाण्याकडे बघितलं की गाडी आपोआप प्रवाहाच्या दिशेने जाते. आणि समजा मधेच गाडी पडून इंजिनात पाणी गेलंच, तर स्टार्टरला हात लावायचा नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढायचा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकायचं. प्लगचा पाना म्हणून कायम सीटखाली असतो.

ओढ्यापलीकडच्या चढावर या मोसमातली खरी प्रगती जाणवली. तांबडी चढण, मधोमध पाण्याने कोरलेली घळ. असा चढ पहिल्या गिअरमध्ये घेतला की प्रत्येक रेसला चाक फिरतं. दुसऱ्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर बोट ठेवून, कमी आरपीएमवर गाडी ढकलत नेली की टायर घसरायच्या ऐवजी चावत वर जातो. उभं राहायचं, पण वजन पुढे टाकायचं नाही. कंबर सीटच्या मध्यावर, म्हणजे मागच्या चाकाला भार मिळतो. घळीच्या डाव्या काठावरून न थांबता वर गेलो. जूनमध्ये अशाच चढावर मला पाय टेकावे लागत होते.

जड गाडी घळीत उतरली आणि ॲक्सलपर्यंत रुतली. अशा वेळी रेस देत राहिलं की फक्त खड्डा खोल होतो. गाडी बंद करून सरळ कुशीवर आडवी पाडली, हँडल एकाने धरलं, दोघांनी मागचं चाक ओढून घळीच्या बाहेर काढलं आणि पुन्हा उभी केली. उचलण्यापेक्षा आडवी ओढणं कितीतरी सोपं.

मढे घाटाच्या माथ्यावर गाड्या लांबच उभ्या करून चालत गेलो. कड्यावरून कोसळणाऱ्या लक्ष्मी धबधब्याचं पाणी वाऱ्याने वर उडत होतं. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचं पार्थिव याच वाटेने कोकणात उमरठला नेलं असं सांगतात, आणि त्या वाटेवर चाक उतरवायचा विचारही मनात येऊ नये. शिवाय पावसाळ्यात धबधबे आणि कड्यांच्या जागी जिल्हा प्रशासन बंदी घालतं. निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश काय आहे तो बघून निघावं.

मुक्काम केळदला एका घरी. तांदळाची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा. हातमोजे चुलीच्या उबेला, पण तीन हात लांब. जवळ ठेवले की चामडं आकसून कडक होतं. रात्री टॉर्च लावून मागच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा भाग, बघितलं. ओला गाळ म्हणजे पॅडसाठी घासकागदच, निम्म्याहून जास्त पॅड संपलं होतं.

रविवारी केळद खिंडीतून भोरच्या बाजूला उतरलो. उतार, वर मुरूम आणि वाहून आलेले दगड. इथे मागच्या ब्रेकचा सराव केला. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिन गाडी रोखून धरतं. मागचा ब्रेक अंगठ्याच्या वजनाइतका, पुढचा एका बोटाने आणि तोही गाडी सरळ असतानाच. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक लॉक होऊ शकतं, आणि ते कुठल्या क्षणी लॉक होतं हे पावलाला कळायला लागलंय. बुटाचा तळवा जाड असला की हे कळत नाही. माझे नवे बूट घोटा छान धरतात पण तळवा अजून टणक आहे, त्यामुळे ब्रेकचं पेडल थोडं खाली घेऊन बघणार आहे.

पुढे कुरुंजी आणि भाटघरच्या पाण्याकडेने भोर, हे अंतर डांबरीच. भोरला हवा भरली, कापूरहोळला महामार्ग, तिथून घर.

सोमवारी धुताना पाण्याचा जोराचा फवारा व्हील बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या कपावर (हँडलच्या बेअरिंगवर) मारला नाही. बादली आणि ब्रश. सील ओलांडून पाणी आत गेलं की ग्रीस वाहून जातं आणि दिवाळीपर्यंत हँडलला खाच जाणवायला लागते. चेन रॉकेलने पुसून, कोरडी करून तेल दिलं. एअर फिल्टर कोरडा निघाला. क्लचची केबल मात्र वरच्या टोकाला चरचरतेय, तार तुटायच्या आधी बदलून टाकतो आणि जुनी केबल सुटी म्हणून बॅगेत ठेवतो.

मागचे पॅड आणलेत, या आठवड्यात बसवतो. पुढचा सराव ओल्या कातळाचा, कारण या फेरीत ओढ्यातला तुकडा सोडला तर कातळ मिळालाच नाही. ऑगस्टमधल्या उघडिपीत भोरच्या बाजूने उलटं चढून केळदला यायचा विचार आहे. फुलांच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, गाडी घालणार नाही, वाट सोडून कुठे जाणार नाही. सोबत यायचं असेल तर खोल नक्षीचे टायर, घोटा झाकणारे बूट आणि आपली आपली ट्यूब हवी.