घर स्पेनमध्ये, मालक फ्रान्सचा

नागपुरात प्लॉट घेताना पहिला प्रश्न असतो, "आरएल आहे का?" नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, नियमितीकरणाचं ते पत्र नसलं की बँक हात आखडते, नकाशा अडतो आणि पुढं विकताना भाव पडतो. हा अनुभव गाठीशी असलेल्याला फ्रेंच लोकांची परदेशातली घरखरेदी चटकन कळेल. घर स्वस्त मिळतं म्हणून ते जातात, हे अर्धंच खरं. भाषा, अंतर आणि कर हे तर बघतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उद्या घर विकलं तर पैसा मायदेशी आणता येईल का.

अंतरात स्पेन जिंकतो. दक्षिण फ्रान्समधल्या पेर्पिन्याँहून स्पेनच्या कोस्ता ब्रावा किनाऱ्यावरचं रोसास गाडीनं साधारण तासाभरावर, म्हणजे आपल्याला पेंच पडतं तेवढं. आधी एनआयई हा परदेशी माणसाचा ओळख क्रमांक काढायचा. मग रजिस्ट्रीतून 'नोता सिंप्ले' मागवायची. साधारण ९ युरो अधिक व्हॅट एवढ्या खर्चात मालक कोण आणि बोजा किती हे कळतं, तरी लोक इथंच कंजुषी करतात. त्यानंतर 'आरास'चा, म्हणजे बयाण्याचा, करार होतो आणि सहसा १० टक्के बयाणा जातो. नेहमीच्या करारात घेणारा फिरला तर बयाणा बुडतो, विकणारा फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. जुन्या घरावर हस्तांतरण कर प्रांतागणिक वेगळा आहे. आंदालुसियात ७ टक्के, कातालोनियात १० टक्क्यांपासून पुढं.

फसगत मात्र सोसायटीच्या थकबाकीत होते. चालू वर्ष आणि मागची ३ वर्षं यांची थकीत वर्गणी घराला चिकटून नव्या मालकाकडं येते, म्हणून नोटरीसमोर बसण्याआधी सोसायटीचा दाखला हातात हवा. पर्यटकांना भाड्यानं देऊन हप्ते फेडू, हा हिशेबही आता कच्चा आहे. एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सोसायटीतल्या ३/५ मालकांची संमती लागते. घर कुलूपबंद ठेवलं तरी सुटका नाही. अनिवासी मालकाला सरकारी मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के रक्कम 'मानीव उत्पन्न' धरून, युरोपीय संघातला रहिवासी असेल तर त्यावर १९ टक्के कर दर वर्षी भरावा लागतो. बहुतेकांना हे नोटीस आल्यावरच कळतं.

मोरोक्कोचं आकर्षण वेगळं. तिथं फ्रेंच चालते, पॅरिसहून विमान तीनेक तासांचं. शिवाय तिथं राहायला गेलेल्या पेन्शनरानं पेन्शन परकीय चलनात परत न बदलता येणाऱ्या दिरहममध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, कायमची वळवली, तर त्या रकमेवरच्या करात ८० टक्के सूट मिळते. मर्राकेशच्या जुन्या शहरातला 'रियाद', म्हणजे मधे चौक असलेला वाडा, फोटोत फार देखणा दिसतो. पण त्याचा कागद बघा. 'तित्र फोंसिये' असेल तर मालकी सरकारी नोंदीत पक्की. नुसती 'मेल्किया' असेल तर तो अदुलांनी, म्हणजे पारंपरिक दस्त लिहिणाऱ्यांनी, लिहिलेला कागद. त्यात वारसांची रांग निघते: कुणी कासाब्लांकात, कुणी लियाँमध्ये, एखादा वारलेला आणि त्याची मुलं अल्पवयीन. सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि सहमालकाला अग्रक्रयाचा, म्हणजे आधी विकत घेण्याचा, हक्कही असतो. आपल्याकडच्या वाटणी न झालेल्या सातबाऱ्याचीच गोष्ट! शेतजमीन परदेशी माणसाला विकतच घेता येत नाही.

मोरोक्कोतली दुसरी खोच दोन नंबरच्या पैशाची. खरेदीची रक्कम परकीय चलनात बँकेतून आली आणि तसा बँकेचा दाखला जपून ठेवला, तरच विक्रीचे पैसे विनासायास फ्रान्सला परत नेता येतात. "थोडे रोख द्या, नोंदणीचा खर्च वाचेल" असं विकणारा म्हणतो. ते रोख कागदावर नसतात. विकताना तेवढा नफा फुगलेला दिसतो, त्यावर कर बसतो, आणि ते पैसे बाहेर नेण्याचा रस्ताही बंद.

पोर्तुगालची लाट कराच्या सवलतीवर आली होती. २००९ ची ती योजना नव्यांसाठी २०२४ पासून बंद झाली. आता परदेशी पेन्शनवरच्या ७ टक्के सरसकट करामुळं पेन्शनरांच्या बोलण्यात ग्रीस आणि दक्षिण इटलीतली छोटी गावं येतात. मॉरिशसमध्ये परदेशी माणूस मुख्यतः सरकारमान्य योजनांतच घर घेऊ शकतो; ३,७५,००० डॉलरच्या वर गेलात तर निवासाचा परवाना मिळतो. वारसा कर नाही, फ्रेंच सगळीकडं. महाग आहे, पण कागद स्वच्छ.

फ्रान्समधली बाजू कोरडी, पण तिथंच जास्त चुका होतात. फ्रेंच बँक परदेशातलं घर सहसा तारण धरत नाही, म्हणून फ्रान्समधलं घर गहाण पडतं. कर्जाचे हप्ते उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांत बसावे लागतात. फ्रान्सचा रहिवासी असेल तर जगभरातली निव्वळ स्थावर मालमत्ता १३ लाख युरोंवर गेली की 'इफी' हा संपत्ती कर लागू होतो, आणि परदेशातलं घरही त्यात मोजलं जातं. लाइटबिल भरायला उघडलेलं स्पेनमधलं खातं ३९१६ या फॉर्मवर दाखवलं नाही, तर एकेका खात्याला १,५०० युरो दंड.

नागपूरहून कुणाला असं घर घ्यायचंच असेल, तर एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. घरचे सहमालक असतील तर सगळ्यांची मर्यादा एकत्र करता येते, पण त्यासाठी इथल्या बँकेचं कर्ज चालत नाही. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की टीसीएस, म्हणजे बँकेनं आधीच वसूल करायचा कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता करून घ्यायचा आणि घर रिटर्नमधल्या 'शेड्यूल एफए' या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं.