मेलेल्यांनी राखलेली राई

१२ एप्रिल

बूट चिखलाने भरलेत, पण आज अंडी दिसली.

माउंट ऑबर्न म्हणजे बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधलं जुनं कबरस्थान. सकाळी आठला दार उघडतं, तेव्हा मी दाराशीच होते. दार म्हणजे प्राचीन इजिप्तच्या देवळाचं वाटावं असं दगडी प्रवेशद्वार. तिथून टेकड्यांच्या मधल्या एका घळीत उतरायचं. तिला कॉन्सिक्रेशन डेल म्हणतात. तळाशी एक डबकं, कडेला कुजणारी पानं, वर जुनी झाडं. भोवतीच्या उतारांवर कबरी अशा बसल्यात की जणू सगळे डबक्याकडेच बघतायत.

मी उकिडवी बसले आणि पाण्यात डोकावले. बुडालेल्या काटकीला मुठीएवढा पारदर्शक गोळा चिकटला होता. भिजवलेला सब्जा हातात घेतला तर कसा दिसेल, अगदी तसा, फक्त दाणे मोठे आणि प्रत्येकाच्या पोटात काळा ठिपका. ही सॅलमँडरची अंडी. सॅलमँडर हा बेडकाचा नातलग, पण दिसायला पालीसारखा. इथला वीतभर लांब, काळा कुळकुळीत आणि अंगावर पिवळे ठिपके. वर्षभर जमिनीखाली दडून राहतो. वसंताच्या सुरुवातीला पहिला उबदार पाऊस पडला की रात्री बाहेर येतो आणि सरपटत या डबक्यापाशी पोचतो. डबकं उन्हाळ्यात आटतं, म्हणून त्यात मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून अंडी वाचतात. कुणी उदार होऊन हे पाणी बारमाही केलं असतं, तर सॅलमँडरचा वंश इथून संपला असता.

काही दिवसांनी या गोळ्यांवर हिरवी झाक येईल. एक शेवाळ त्यांच्यात वस्तीला येतं. पिल्लाने टाकलेलं शेवाळाला खत म्हणून चालतं आणि शेवाळाने सोडलेला प्राणवायू पिल्लाला. भाडेकरू असावा तर असा.

याच घळीत २४ सप्टेंबर १८३१ रोजी सुमारे दोन हजार माणसं उतारावर बसली होती. कबरस्थानाच्या प्रतिष्ठापनेचं भाषण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी केलं. चारच महिन्यांपूर्वी त्यांची दहा वर्षांची लुइझा तापाने गेली होती. मृतांना झाडांच्या सावलीत ठेवू या, असं ते बोलत होते तेव्हा समोरच्या दोन हजारांतल्या किती जणांना ठाऊक असेल की या माणसाच्या डोळ्यासमोर नेमकं कोण आहे?

१३ एप्रिल

आईचा फोन. काल कुठे होतीस, तर सांगितलं.

"अगं, स्मशानात कसली फिरायला जातेस?"

"स्मशान नाही गं, कबरस्थान. बागेसारखं आहे."

"तेच ते. आल्यावर अंघोळ केलीस का?"

केली होती. चिखलामुळे केली होती, पण केली होती. आईला तेवढंच सांगितलं.

आमच्या घरात मेलेल्या माणसाची जागा अशी नसतेच. दहन झालं, अस्थी वाहत्या पाण्यात गेल्या, उरला भिंतीवरचा फोटो आणि त्याला घातलेला हार. बाबांच्या वेळी मी पोचेपर्यंत तेराव्याची जेवणंही उरकली होती. नदीच्या घाटावर जाऊन उभी राहिले खरी, पण पाणी कुठल्या कुठे गेलेलं. नदीकडे बघून कुणाशी बोलायचं ते मला कळेना. मी इथे इतकी का येते, याचा संबंध त्याच्याशी आहे की नाही, माहीत नाही. आईपाशी हे कधी बोलले नाही.

१९ एप्रिल

आज दगडांचा दिवस. एक स्वयंसेवक बाई कबरींच्या दगडांची पाहणी करत होत्या, त्यांच्या मागे मागे हिंडले. संगमरवर दिसायला देखणा, पण टिकायला वाईट. पावसात जरा जरी आम्ल असलं तरी तो विरघळतो. एका दगडावर निजलेलं कोकरू कोरलेलं होतं, म्हणजे कबर लहान मुलाची. कोकराचं तोंड आता साबणाच्या उरलेल्या वडीसारखं झालंय. नाव गेलं, साल गेलं, बाळ मुलगा होतं की मुलगी तेही गेलं. पाटीचा काळा दगड मात्र अक्षर सोडत नाही.

एका ग्रॅनाइटवर राखाडी, शेंदरी दगडफूल पसरलं होतं. माझं नख आपोआप तिकडे गेलं. बाई म्हणाल्या, खरवडू नका. एवढी चकती व्हायला पुष्कळ वर्षं लागतात, काही जाती वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. शिवाय नखाने दगडही निघतो. आपण मसाल्यात घालतो त्याच कुळातलं हे, असं सांगणार होते, पण ते बरं दिसलं नसतं.

असं बागेसारखं कबरस्थान सुचलं ते जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरला. तो वनस्पतिशास्त्रज्ञही होता. त्या काळी बॉस्टनमध्ये चर्चच्या आवारात पुरत. जागा संपली होती, थरावर थर चढत होते. बिगेलोने १८२५ मध्ये शहराबाहेरच्या जागेची कल्पना मांडली, आणि पुढे ती उचलून धरली मॅसॅच्युसेट्सच्या बागकाम करणाऱ्यांच्या संस्थेने. मला ही जोडी फार आवडते. एका पक्षाला पुरायला जागा हवी, दुसऱ्याला झाडं लावायला. कबरींच्या जागा विकून आलेल्या पैशातून झाडं. सुरुवात ७२ एकरांनी झाली, आज १७५ एकर आहेत. रस्ते सरळ न आखता टेकड्यांच्या कलाने वळवले आणि पायवाटांना फुलाझाडांची नावं दिली. अमेरिकेतल्या शहरांत तेव्हा सार्वजनिक बागा अशा नव्हत्याच, त्यामुळे लोक नटूनथटून इथे फिरायला येऊ लागले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा झाली १८५८ मध्ये. म्हणजे बागेत फिरायची सवय या लोकांना आधी कबरस्थानाने लावली.

चालताना सारखी देवराई आठवत होती. सह्याद्रीत देवाच्या नावाने सोडलेली राई. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, नेलं तर देव कोपतो. भोवतीचे डोंगर बोडके झाले तरी राई उभी. इथे देवाच्या जागी मेलेले आहेत. इथून चार मैलांवर जमिनीचे भाव काय आहेत ते मी सांगायला नको, पण या टेकडीवर इमारत बांधू या, असं म्हणायची कुणाची छाती नाही. हजारो झाडं, तळी, ती घळ, सगळं या मुडद्यांच्या भरवशावर.

अर्थात ही राई गावाची नव्हती. जागा विकत घेणाऱ्यांची होती. ऐपत असलेल्यांनी आपापल्या कुटुंबाच्या चौकोनाभोवती लोखंडी कठडेही घातले होते. मेल्यावरही कुंपण! आणि अमेरिकी पद्धतीचं पुरणं म्हणजे निसर्गावर उपकार वगैरे काही नाही. देहात फॉर्माल्डिहाइड भरायचं, तो महागड्या पेटीत ठेवायचा, पेटी काँक्रीटच्या खोक्यात, आणि वरची हिरवळ यंत्राने कापत राहायची. आता इथे साधं दफनही करता येतं. रसायन नाही, काँक्रीट नाही, नुसतं कापडात गुंडाळून मातीत. काही उतारांवरचं गवतही हल्ली कापत नाहीत, वाढू देतात. उशिरा का होईना.

८ मे

पहाटे दक्षिणेचा वारा होता, म्हणून धावतच गेले. धावत म्हणजे दारापर्यंत. आत धावायला मनाई आहे. कुत्रा नाही, जॉगिंग नाही, डबे सोडून बसणं नाही. मला हे नियम फार पटतात. बाग होऊ द्यायची, पण मेलेल्यांचा विसर पडू द्यायचा नाही, ही तारेवरची कसरत एवढ्या मोजक्या नियमांवर पेलली आहे.

मे महिन्यात इथे वॉर्बलर उतरतात. आठ-दहा ग्रॅमचे पक्षी, रात्रभर उडत उत्तरेकडे निघालेले. पहाट झाली की त्यांना खाली शहराचं काँक्रीट दिसतं आणि त्यात हा एक हिरवा तुकडा. सगळे इथेच उतरतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेऊन आम्ही. आज ब्लॅकबर्नियन वॉर्बलर दिसला, गळा निखाऱ्यासारखा. हिवाळा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या उतारांवर काढून आलेला. ओकच्या कोवळ्या पानांतल्या अळ्या तो एकेक करून वेचत होता. ओकखाली कुणाची कबर होती ते मी पाहिलंही नाही.

मग रस्त्याने शवगाडी आली, मागे सात-आठ गाड्या. हे कबरस्थान आजही चालू आहे, हे आपण विसरतो. आम्ही वीसेक जण माना वर करून उभे होतो. कुणी काही बोललं नाही, पण दुर्बिणी एकेक करून खाली आल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. शेवटच्या गाडीत मागच्या सीटवर एक शाळकरी मुलगा काचेला नाक लावून बसला होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही जिकडे बघत होतो तिकडे, झाडाकडे. गाडी वळली. पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावायला मला बराच वेळ लागला. एक बाई मात्र लगेच म्हणाली, तो बघा, डावीकडच्या फांदीवर. तिचाही राग आला नाही.

परतताना लुई अगासीच्या कबरीवरून आले. मूळचा स्विस, हिमनद्यांचा मोठा अभ्यासक. त्याच्या कबरीवर आल्प्समधल्या आरच्या हिमनदीकाठचा ओबडधोबड धोंडा आणून ठेवलाय. याने मरेपर्यंत डार्विन मानला नाही. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले, असं हा सांगे आणि गुलामीचे समर्थक त्याच्या विद्वत्तेचा दाखला देत. डार्विनची बाजू लढवणारा एसा ग्रे इथेच आहे. आणि इथेच हॅरिएट जेकब्सही आहे. गुलामीतून निसटण्यासाठी ती आजीच्या घराच्या माळ्यावर, धड उभंही राहता येणार नाही अशा पोकळीत, जवळजवळ सात वर्षं लपून राहिली होती. पुढे तिने ते सगळं स्वतः लिहिलं. अगासीच्या धोंड्यापाशी लोक थांबतात, फोटो काढतात. मी आज तिच्या साध्या दगडापाशी थांबले.

लेखिका मार्गारेट फुलरचा दगडही पाहिला. तिचं जहाज न्यूयॉर्कजवळ फुटलं, १८५० साली. ती, नवरा आणि लहानगा मुलगा. मुलाचा देह सापडला. तिचा नाहीच. तरी दगड आहे, त्याच्यावर नाव आहे, लोक फुलं ठेवतात. खाली ती नाही हे माहीत असून ठेवतात.

बाबांसाठी मी असं काही केलं असतं का? आई म्हणेल, हे काय खूळ.

१४ जून

साडेतीन तास गाडी चालवून पकिप्सीला आले. हडसन नदीकाठचं गाव. इथलं कबरस्थान माउंट ऑबर्ननंतर देशभर जी लाट आली तिच्यातलंच, १८५०च्या दशकातलं. नावच पकिप्सी रूरल सिमेटरी. झाडं मोठी, उतार तसेच, वळणंही तशीच. मॅथ्यू व्हासर इथे आहे, व्हासर कॉलेज काढणारा दारूभट्टीवाला. १८६८ मध्ये विश्वस्तांपुढे निरोपाचं भाषण वाचता वाचताच तो गेला. त्याच्या कबरीवर ओकच्या फळाच्या आकाराचा दगड आहे. पण मी त्याच्यासाठी आले नव्हते.

शोधायला पाऊण तास लागला. कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत, बाकीच्या दगडांत मिसळून गेलेला एक दगड. आनंदीबाई जोशी, एम.डी., १८६५ ते १८८७. खाली लिहिलंय की शिक्षणासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. अमेरिकेत तिला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटरना ती मावशी म्हणायची. फिलाडेल्फियाहून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली, परत गेली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. नवऱ्याने, गोपाळरावांनी, रक्षा मावशीकडे धाडली. मावशीने ती आपल्या माणसांत ठेवली.

म्हणजे शाळेत जिच्यावर निबंध लिहिला ती इथे आहे. जिच्या जातीत कुणाला जागा नसायची, तिला जागा आहे, आणि तीही सातासमुद्रापार.

दगडासमोर कुणीतरी शिंपला ठेवला होता. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि पाण्यात एक मुंगी पोहत होती. तिला काडीने बाहेर काढली. मग खाली बसले. वर मेपल, पाठीमागे कुठेतरी गवत कापायचं यंत्र. खूप वेळ बसले. बोलले थोडं. आनंदीबाईंशी नव्हे.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दगड दाखवला. तिने चष्मा पुसला, जवळ आणायला सांगितला, एकेक अक्षर लावत वाचलं. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"ते डीच्या पोटात काय आहे गं, डाग पडलाय?"

"दगडफूल आहे."

"मग काढ की नखाने."

"नको, आई. राहू दे."

"बरं, राहू दे," आई म्हणाली. "झाड कसलं आहे ते दाखव."