आडवे पडसाद, उभी दरड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सहली आणि स्नेहसंमेलनांवर बाकीचे लिहितीलच. मी शनिवारच्या फळ्याबद्दल लिहितो.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला मराठीचे सर फळ्यावर शब्दकोडे आखायचे. स्वतः रचलेले, पेपरातून उतरवलेले नव्हे. एका शनिवारी सगळे कोडे 'पडणे'वर निघाले. पहिला आडवा शब्द: 'नाव पडण्याचे, काम उमटण्याचे, डोंगरात हाक मारून पाहा (४)'. पडसाद. त्याच्या 'द'वरून खाली उतरली दरड, आणि दरडीचा 'ड' जिथे थांबला तिथे डावीकडून येऊन मिळाला आणखी एक आडवा शब्द: 'पैनगंगा इथे खाली उडी घेते (५)'. सहस्रकुंड! हे सगळ्या वर्गाने एकदमच ओरडून सांगितले.

अडलो ते पुढे. 'पडतो, पण आवाज होत नाही (३)'.

"पाऊस!"

सरांनी नुसते वरच्या पत्र्यांकडे बोट दाखवले. शिवाय 'पानगळ' आधीच सुटले होते, म्हणजे शेवटी 'ळ' हवा.

"बहात्तर!" मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणाले. सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या.

"लेकरा, बरोबर चाललायस, पण घरं तीनच हायेत."

मग 'दुष्काळ' आला, आणि 'ष्का'ला घरे किती यावरून भांडण. सरांचा निकाल: जोडाक्षर असो, काना असो, एक अक्षर एक घर. आर्थर विन यांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिले शब्दकोडे छापले, त्यांना ही कटकट नव्हती. त्यांच्या लिपीत काना-मात्रा नाहीत. मराठीत मात्र एका घरात बरेच काही मावते, म्हणून आपली कोडी आकाराने छोटी आणि रचायला जास्त अवघड, असे माझे मत आहे. इंग्रजी कोड्यांचे भक्त हे मानणार नाहीत.

सूत्र फसवे चालेल, खोटे चालणार नाही, हा सरांचा कायदा. त्यात सगळ्यात झकास बसलेले सूत्र: 'शेपटाला पड, पण कातळाला चिकटली की पडत नाही (४)'. घोरपड. (तोंडघशी पडण्यावरचे सूत्र मात्र इथे छापण्यासारखे नाही.)

सध्याच्या विद्यार्थ्यांसाठी माझे एक: 'सोयाबीनची रास घरात आली की हमखास पडतो (२)'. अडलात तर घरी विचारा.